हेमलताचा तिसरा फोटो

चौगुले मोसंबी सोलत बसले होते. स्वतःसाठी नव्हे, बायकोसाठी. साल काढायची, वरच्या पांढऱ्या शिरा काढायच्या, बी काढायची आणि एकेक फोड तिच्या तळहातावर ठेवायची. ती फोड तोंडात टाकून हेमलता म्हणायची, "आंबट आहे हो." मग ते निमूटपणे दुसरं मोसंबं घ्यायचे.

समोरच्या बाकड्यावर मी एकटी. आमचे हे मला हॉस्पिटलच्या फाटकात सोडून बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसले होते. आतल्या वासानं त्यांना मळमळतं म्हणे. केमो मी घ्यायची आणि मळमळ यांना!

"मालनताई, घ्या ना एक फोड," हेमलता म्हणाली.

"नको गं बाई. मला आंबट सोसत नाही."

चांगलं सोसत होतं. पण दुसरीच्या नवऱ्यानं सोललेली मोसंबी मी का म्हणून खाऊ?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही दोघी जयसिंगपूरहून कोल्हापूरला एकाच एस्टीनं यायचो, एकाच हॉस्पिटलात, एकाच आजारासाठी. दोघींच्याही डाव्या छातीत गाठ. दोघींना औषधही एकच, तेच लालभडक सलाईन. माझं स्टँडच्या मागे ब्लाउज शिवायचं दुकान होतं. ती कॉलनीत राहायची, नवरा बँकेत, घरी मोलकरीण. तोपर्यंत आम्ही एकमेकींना नुसत्या तोंडओळखीच्या. आजारानं आम्हाला एकत्र आणून बसवलं, आणि बसवलं ते असं समोरासमोर.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघींना सांगितलं होतं. आधी केमो, ऑपरेशन मागनं. औषधानं गाठ विरघळत गेली तर नुसती गाठ तेवढी काढू. नाही विरघळली तर औषध बदलून बघू, आणि तेही नाही चाललं तर छाती पूर्ण काढावी लागेल. उशीर झाला तर मग आपल्या हातात काही राहणार नाही, असंही ते म्हणाले. मी आयुष्यभर बायकांच्या अंगाची मापं घेतली. एका बाजूचा ब्लाउज कसा बेततात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला शिकायचंही नव्हतं.

गाठ विरघळतेय की नाही, ते कळायला तिथं एक नवीन मशीन आलं होतं. उजेडाचं मशीन. ते सांभाळायच्या डॉक्टर मुजावर मॅडम. बाई वयानं लहान, पण समजावून सांगण्यात पटाईत.

"यात सुई नाही, कापाकापी नाही, एक्स-रे पण नाही," त्यांनी सांगितलं होतं. "पलंगाला एक भोक आहे. त्यात छाती सोडून पालथं झोपायचं. खाली वाटीसारखं भांडं आहे, त्याला सगळीकडून बारीक दिवे. खोलीत अंधार करायचा आणि दिव्यांचा उजेड छातीतून आरपार सोडायचा. गाठीला वाढायला रक्त लागतं. रक्त जास्त तिथं उजेड अडतो. उजेड अडला की आमच्या फोटोत तिथं लाल डाग. औषध लागू पडलं की रक्त कमी होतं, डाग फिका पडतो. सोनोग्राफीत गाठ लहान झालेली दिसायला वेळ लागतो. हे त्याच्या आधी सांगतं."

"मंजे आतलं बाहेरनं दिसतं," मी म्हटलं.

"बरोबर. फक्त येताना अंगाला पावडर, तेल, लेप, काही लावून यायचं नाही. स्वच्छ आंघोळ करून या."

पहिल्या फोटोत आम्ही दोघी सारख्याच होतो. माझाही डाग लाल, तिचाही लाल. खरं सांगते, त्या दिवशी मला ती फार आवडली होती. एस्टीत मी तिला खिडकी दिली.

दुसऱ्या फोटोला सगळं बिघडलं. मॅडमनी दोघींना एकदमच कॉम्प्युटरपुढं बसवलं. माझा डाग जसाच्या तसा, पानाच्या पिंकेसारखा. आणि तिचा? फिक्का गुलाबी! कडेनं तर पार पुसून गेलेला.

"हेमलताताई, उत्तम चाललंय," मॅडम म्हणाल्या. "मालनताई, तुमचं थोडं हळू आहे. तिसऱ्या फोटोपर्यंत वाट बघू. तिसऱ्या फोटोवरच पुढचं ठरवायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय."

हळू! औषध तेच, बाटली तीच, खुर्च्या शेजारीशेजारी. हिच्या गाठीनं ऐकलं आणि माझ्या गाठीनं ऐकलं नाही. पोटात दुखतं म्हणतात ना, तसं खरोखरच दुखलं मला. बाहेर आल्यावर मी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माझ्या डोक्याचा पार नारळ झाला होता, हिच्या कानामागं अजून केस होते. माझी जीभ सोलून निघालेली, ही मोसंबी खाते. माझ्या नखांना काळिमा, हिनं नेलपॉलिश लावलेलं. आणि तो नवरा! पिशवी धरायला, पाणी द्यायला, पदर सावरायला.

"काय गं बाई नशीब तुझं," मी म्हटलं. "गाठ लोण्यासारखी वितळली की! आणि तोंडावर तेज तरी कसं आलंय बघ. केमो चाललीय का डोहाळे लागलेत तुला?"

ती हसली नाही. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि नवऱ्याच्या पलीकडं जाऊन बसली. मला वाटलं, गर्व झाला. परतीच्या एस्टीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं, चौगुल्यांच्या हेमलताला ताप भरला, दवाखान्यात ठेवलंय. केमोत असा ताप येतो, मलाही आला होता. मी मशीन थांबवलं नाही. हातात होता तो ब्लाउज पुरा केला.

तर आता हा तिसरा फोटो. चौगुले मोसंबी सोलताहेत, हेमलता खातेय आणि मी बघतेय. रात्रभर मी एकच जप केला होता, देवा, माझा डाग जाऊ दे. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या मागनं दुसराही एक विचार येत होता. माझा जाणार नसेल तर हिचाही जाऊ नये. एकटीनं सगळं काढून बसायचं, आणि हिनं समोर पदर सावरत हिंडायचं, हे मला बघवलं नसतं.

सिस्टरनं हाक मारली. "हेमलता चौगुले."

ती उठली. जाता जाता माझ्याकडं तिनं एकदा बघितलं आणि पटकन मान फिरवली. दार लागलं. दारावरचा लाल दिवा लागला. चौगुले उगाच मोसंबीच्या साली गोळा करत बसले.

बराच वेळ लागला. नेहमीपेक्षा जास्तच. मग मुजावर मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघूनच चौगुले उभे राहिले.

"जुना डाग जवळजवळ गेलाय," मॅडम म्हणाल्या. "पण खालच्या अंगाला नवीन डाग दिसतोय. गडद आहे. दोनदा फोटो घेतला, दोन्हीत तसाच."

"नवीन मंजे?" चौगुल्यांनी विचारलं.

"आत्ता मी काही नक्की सांगत नाही. मोठे डॉक्टर मुंबईला गेलेत. मी त्यांना फोटो पाठवते. पण आजचं सलाईन द्यायचं नाही. नवीन काही उगवत असेल तर हे औषध चालत नाही, असाच त्याचा अर्थ. मग औषध बदलायचं का थेट ऑपरेशन करायचं, ते ठरवतील."

"ऑपरेशन मंजे... पूर्ण?"

मॅडमनी मान हलवली. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

चौगुले हातातल्या मोसंबीच्या सालींकडं बघत खाली बसले. आणि मला? मला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं. आता आम्ही दोघी परत सारख्या झालो. मनात म्हटलं, ये बाई, ये माझ्या शेजारी. आता तुला परत खिडकी देते.

"मालनताई, तुम्ही गाऊन घाला. पुढचा नंबर तुमचा," सिस्टर म्हणाली.

कपडे बदलायची खोली म्हणजे पडदा लावलेला कोनाडा आणि त्याला लागून संडास-बाथरूम. पडदा सारला तर हेमलता स्टुलावर बसलेली. गाऊन अजून अंगावर होता. डोक्याचा रुमाल सुटून मानेवर आलेला. रडत होती. कानामागचे ते चार केसही गेले होते, हे मला तेव्हा दिसलं.

"गप, गप," मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं. "रडून काय होणार? कपडे घाल. मला गाऊन घालायचाय."

ती उठली आणि गाऊनची नाडी सोडायला लागली. आता कापडाचा धंदा माझा. कुठंही डाग दिसला की माझा डोळा आधी तिथं जातो. पांढऱ्या गाऊनला आतल्या बाजूनं काळं फासलं होतं. तेलकट, चांगलं बोटभर.

"हे काय गं? गाऊन घाणेरडा दिला का तुला?"

"कुठं काय." तिनं गाऊन छातीशी आवळून धरला.

"अगं, काळं लागलंय. बघू."

"नको ताई, असू दे."

असू दे म्हटल्यावर मी कशाला ऐकतेय! गाऊनचं टोक धरून ओढलंच. डाव्या छातीच्या खालच्या अंगाला, घडीत, काजळाचा टिळा होता. बाळाच्या गालाला लावतात तसला. पण हा केवढा! आणि घरचं काजळ, तुपाच्या दिव्यावर धरलेलं. ते वासावरनं कळतं.

मी बघतच राहिले. मग एकदम डोक्यात उजेड पडला. खालच्या अंगाला. गडद. उजेड अडला की लाल डाग.

"हेमा! मॅडम काय म्हणाल्या? अंगाला काही लावून यायचं नाही!"

"पावडर-तेल नको म्हणाल्या. काजळ नको असं नाही म्हणाल्या."

"अगं शहाणे, काजळ काय काचेचं असतं का? उजेड जाईल का त्यातनं? तुझा नवीन डाग हाच! हाच की!"

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. तिला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा ती आणखीच घाबरली.

"खरं? मग ताई, मी घरी जाऊन धुते. घरी आंघोळ करते."

"घरी? घरी धुऊन तो फोटो पुसणाराय का? फोटो तिकडं मुंबईला चाललाय. सलाईन थांबवलंय तुझं. आत्ताच्या आत्ता चल मॅडमकडं आणि सांग."

"नाही. मी नाही सांगणार." तिनं मान हलवली, लहान पोरीसारखी. "ते विचारतील, का लावलं."

"का लावलंस?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"कुणाची?"

ती गाऊनची नाडी परत बांधायला लागली.

"मी विचारतेय, कुणाची?"

"तुमची," ती म्हणाली.

तुमची! अहो-जाहो करून सांगितलं बाईनं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मी काय चेटकीण आहे?"

"चेटकीण नाही ताई. पण तुमची दृष्ट लागते. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, लोण्यासारखी वितळली. अशा बघत होता माझ्याकडं! घरी गेले आणि ताप भरला. आठ दिवस दवाखान्यात होते. सासूबाई म्हणाल्या, कुणाचे डोळे लागले? मी काय सांगणार? म्हणून या खेपेला..." ती परत रडायला लागली. "तुम्ही आत्तासुद्धा बघत होता. मोसंबी खाताना."

मी बघत होतेच. काजळ माझ्या नजरेसाठी लावलं आणि बरोबरच लावलं. दुसऱ्या कुणासाठी लावलं असतं तर मी तिला वेड्यात काढलं असतं.

बाहेर सिस्टर ओरडली, "मालनताई, झालं का?"

त्या घटकेला मी काहीच केलं नसतं तर? गाऊन घातला असता, पडदा सारला असता आणि गेले असते माझ्या फोटोला. ही घरी जाऊन धुणार, काजळ गटारीत जाणार, आणि लाजेपायी कुणाला कधी सांगणार नाही, हे मला तेव्हाच दिसत होतं. चांगलं लागू पडलेलं औषध बंद होणार. कदाचित सगळंच काढणार. कदाचित आणखी काही. आणि मला कुणी विचारलंही नसतं.

"बाथरूममधे चल," मी म्हटलं.

"कशाला?"

"चल म्हणते ना!"

दंडाला धरून आत नेलं, कडी लावली. नळ सोडला आणि साबण लावला. काजळ साबणाला थोडंच ऐकतंय! पसरतच गेलं. आणखी मोठा डाग झाला. मग मी पिशवीतनं व्हॅसलीनची डबी काढली, ओठ फुटायचे म्हणून जवळ असायची. ते चोळलं, माझ्या रुमालानं पुसलं, परत साबण, परत पाणी. हेमलता भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून. दोघींची डोकी उघडी, दोघी टकल्या. कुणी बघितलं असतं तर घाबरून पळालं असतं.

"जोरात नको ना ताई. दुखतंय."

"दुखू दे."

घासता घासता माझी बोटं गाठीकडं गेली. मुद्दाम गेली म्हणा ना. माझी गाठ कुठं असते, केवढी असते, ती बोटाखाली कशी सरकत नाही, ते मला पाठ होतं. रोज चाचपून बघायचे मी. हिची मी शोधायला लागले. सापडेना. वर बघितलं, बाजूला बघितलं. मग कुठंतरी खोल लागली, हरभऱ्याएवढी. तीही आहे का नाही अशी.

त्या बाथरूममधे, त्या फेसात, मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. हात काढून घ्यावासा वाटला. फेस तसाच ठेवून, कडी काढून बाहेर जावंसं वाटलं. माझी का नाही? मी कुणाचं काय वाईट केलंय? असं एक रडू आतनं आलं, आणि ते मी गिळलं. घासत राहिले. काळं पार निघून तांबडी लाल कातडी दिसेपर्यंत घासलं आणि कोरडं केलं.

"घाल गाऊन. दुसरा घे, स्वच्छ."

"डॉक्टरांना सांगू नका ना. हसतील मला."

"तू नको सांगूस. मी सांगते."

मुजावर मॅडम कॉम्प्युटरपुढं होत्या. फोटो पाठवायच्याच बेतात असाव्यात. मी हेमलताला पुढं ढकललं.

"मॅडम, थांबा. हिचा फोटो परत घ्या. हिनं अंगाला काजळ लावलं होतं. आत्ता धुतलं."

"काजळ?" मॅडम खुर्चीतनं उठल्या. "छातीला? कशासाठी?"

हेमलताची मान खाली. जमीन दुभंगती तर ती आत गेली असती.

"माझी दृष्ट लागू नये म्हणून," मी म्हटलं.

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसू आलं असणार, पण हसल्या नाहीत.

"आणि लागते का तुमची?"

"लागते म्हणतात."

"अल्ला!" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पावडर विचारली, तेल विचारलं, हळदीचा लेपसुद्धा विचारला मी. काजळ विचारायचं राहिलं. काजळ म्हणजे कोळसाच की. सगळा उजेड तिथंच अडला असणार. या हेमलताताई, झोपा परत."

मी बाहेर येऊन बसले. चौगुले भिंतीकडं बघत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. बायकोनं सांगावं त्यांना, मी का सांगू? थोड्या वेळानं दार उघडलं आणि हेमलता बाहेर आली, ती धावतच. नवऱ्याचा शर्ट मुठीत धरून म्हणाली, "काही नाही हो. काही नाहीये. नवीन काही नाही. सलाईन आजच देणार." चौगुले सगळ्या लोकांदेखत हमसून हमसून रडले. मी दुसरीकडं बघितलं.

मग माझा नंबर. पालथी झोपले. अंधार झाला. खाली ते बारीक दिवे लुकलुकायला लागले. श्वास धरा, सोडा, धरा, सोडा. उठून बसले तर मॅडमनी स्टूल माझ्याजवळ ओढलं होतं. वाईट सांगायचं असलं की डॉक्टर लोक जवळ येऊन बसतात.

"मालनताई, तुमच्यात काहीच फरक नाही."

"किंचितसुद्धा?"

"नाही. पण ऐका माझं. हे आत्ता कळलं ते चांगलं झालं. नाहीतर सगळी सलाईनं संपेपर्यंत आपण हेच औषध देत बसलो असतो आणि शेवटी कळलं असतं. मोठ्या डॉक्टरांशी बोलते. हे बंद करून दुसरं सुरू करू. त्यानंतरचा फोटो लवकर घेऊ. त्यात डाग उतरला तर उत्तम."

"आणि नाही उतरला तर?"

"मग थांबायचं नाही. पूर्ण काढून टाकायचं."

बाहेर आले तर बाकड्यावर हेमलता एकटी. चौगुले औषधं आणायला गेले होते. मला वाटलं, आता ही विचारणार, मग मी सांगणार, मग ती अरेरे म्हणणार. तिचं अरेरे ऐकण्यापेक्षा मी चहाच्या गाड्यावर आमच्या ह्यांच्या शेजारी जाऊन बसले असते. पण तिनं हात धरून मला खाली बसवलं.

"नाही उतरली ना?"

"नाही."

"बघू?"

"काय बघू?"

तिनं शालीखालून हात घातला आणि माझ्या गाठीवर ठेवला. सगळ्या बाया समोर बसलेल्या.

"ही तर अजून सुपारीएवढी आहे," ती म्हणाली.

"मग? तुझी गेली म्हणून माझी जायला पाहिजे असं कुठं आहे? हात काढ."

तिनं हात काढला नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज मात्र चिडका होता.

"मालनताई, माझ्यावर रागावलात ना?"

"रागावू नको तर काय तुझी आरती करू?"

"मला ताप आणलात तुम्ही. आठ दिवस झोपवलं मला. एवढी दृष्ट लागते ना तुमची? मग हिला लावा की! माझ्याकडं काय बघत बसता? हिच्याकडं बघा. रोज बघा. हिचं कौतुक करा तसलं, लोण्यासारखं. मरू दे ही."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा करत नव्हती. अगदी मनापासून सांगत होती, एखाद्यानं चांगला वैद्य सुचवावा तसं. मला हसू यायला लागलं. मग हसता हसता ते मघाचं गिळलेलं रडू बाहेर आलं आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.

नवीन औषध सुरू झालं. ते पहिल्यापेक्षा जहाल. तळहात-तळपाय भाजल्यासारखे व्हायचे, कात्री धरता यायची नाही. तरी मी सकाळी दुकान उघडायचे. शटर अर्धंच वर करायचे आणि ब्लाउज घालून बघायच्या पडद्यामागं जाऊन आरशासमोर उभी राहायचे. पदर बाजूला करायचे. आणि बोलायचे.

"काय गं भवाने! काय तुझं अंग भरलंय! केमो पिऊनसुद्धा कशी टुमटुमीत! नशीब काढलंस बाई. अशी तब्येत आमची कधी झाली नाही. कुणाची नजर न लागो तुला."

एके दिवशी आमच्या ह्यांनी बाहेरनं विचारलं, "कोण आलंय गं आत?"

"गिऱ्हाईक आहे. थांबा तिकडंच."

हेवा कसा करायचा, ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्या गाठीकडं बघायचे ती हेमलताकडं बघायचे तशी. हिचं सगळं चाललंय आणि माझं मात्र नाही. खातेय माझं, पितेय माझं रक्त, आणि मजेत आहे. अगदी पोटातनं जळून बघायचे.

मी काही अडाणी नाही. औषध बदललंय हे मला कळत होतं. पण औषध डॉक्टर देत होते. मला करण्यासारखं एवढंच होतं, आणि ते मी रोज केलं.

पुढच्या फोटोला हेमलता आली नसती तरी चाललं असतं. तिचं सलाईन संपलं होतं, ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. तरी आली. या वेळी नवऱ्याला घरी ठेवून एकटीच आली. एस्टीत माझ्या शेजारी बसली आणि सगळ्या वाटभर स्वयंपाकाच्या गप्पा मारत राहिली, कारण मी एक शब्द बोलत नव्हते.

आत पालथी झोपले. अंधार. दिवे. मुजावर मॅडम कॉम्प्युटरपुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "थांबा हं, परत एकदा घेऊ." परत श्वास धरा, परत सोडा. मग खोलीतला दिवा लागला.

"मालनताई, इकडं या. हे बघा."

मी बघितलं. मागचा फोटो शेजारी लावला होता, तो पानाच्या पिंकेसारखा. आणि हा नवीन. मी मॅडमना म्हटलं, हा माझा आहे का नक्की? त्या म्हणाल्या, खात्री करायलाच दोनदा घेतला.

पडदा सारून बाहेर आले. हेमलता दारातच उभी होती, बोटं एकमेकींत घट्ट गुंतवून. ती माझ्या तोंडाकडं नुसती बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली,

"लागली?"

"लागली," मी म्हटलं.